टच गेला, डेटा आहे

फोन पूर्ण मेला तर माणूस दोन दिवस हळहळतो आणि नव्याच्या मागे लागतो. खरा छळ असतो तो अर्धमेल्या फोनचा. त्यातही डिस्प्ले काळा पडला तर एक बरं असतं, आत काय चाललंय ते दिसत तरी नाही. पण टच गेलेला फोन! पडदा लख्ख, घड्याळ बरोबर, वॉलपेपरवरचा गणपती जागच्या जागी. मिस्ड कॉल वाढताहेत, भिशीच्या ग्रुपवर काहीतरी मोठं भांडण पेटल्याचंही दिसतंय. बोट लावलं की मात्र ढिम्म.

आत्याच्या फोनचं असं झालं. फोन पोळपाटावर पडला की पोळपाट फोनवर, याबद्दल त्या घरात अजून एकमत नाही. सकाळी सहाला तिच्या थायरॉईडच्या गोळीचा गजर लागतो. तो बंद करायला पडद्यावर बोट सरकवावं लागतं आणि तिथेच तर घोडं अडलेलं. बाजूचं बटण दाबलं की गजर दहा मिनिटं गप्प बसतो आणि नव्या दमाने उठतो. आतोबांनी तोडगा काढला, "बॅटरी संपू दे, आपोआप थंड होईल." यावर बंगळुरूहून नातू फोनवर ओरडला, "आजोबा, काहीही करा, पण फोन बंद पडू देऊ नका!"

त्याचं बरोबर होतं. फोन एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाला की आतला सगळा ऐवज कुलपात असतो आणि ते कुलूप बोटाच्या ठशाने उघडत नाही, पिन किंवा पॅटर्नच द्यावा लागतो. दुकानदार चिप काढून दुसऱ्या फोनला जोडतो आणि फोटो मिळतात, असा समज बाळगून असलेली मंडळी पुष्कळ आहेत. तो काळ गेला. अँड्रॉइड १० आलं २०१९ साली. तेव्हापासून त्यावर चालणाऱ्या नव्या फोनमध्ये जे साठतं ते कूटबद्धच साठतं, आणि त्याची किल्ली मालकाच्या पॅटर्नशी आणि त्याच फोनच्या हार्डवेअरशी बांधलेली असते. नुसती चिप घेऊन काय करणार? तेव्हा डेटा वाचवायचा तर फोन चार्ज करत राहायचं, म्हणजे गजरही चार्ज करत राहायचा. त्या घराने तेही केलं. थायरॉईडची गोळी इतकी वेळेवर कधीच घेतली गेली नव्हती.

"क्लाउडवर असेल की सगळं," असं अशा वेळी कोणीतरी म्हणतंच. गूगलच्या खात्यात फुकट जागा मिळते १५ जीबी. जून २०२१ पासून नवे फोटो त्यातच मोजले जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही. ज्या घरात रोज पन्नास फुलं 'शुभ सकाळ' म्हणत येतात तिथे पंधरा जीबी म्हणजे किती दिवसांची बेगमी? जागा संपल्याची सूचना फोन इमानदारीने देतो. आत्या ती जाहिरात समजून बाजूला सारते. येणाऱ्या सूचनांपैकी बहुतेक जाहिरातीच असतात, तेव्हा तिला दोष देता येत नाही.

मग आम्ही बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवर उलटे पडलेले फोन, पाठी उघड्या, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी आणि त्यात मान घालून बसलेला एक तरुण. त्याने फोन हातात घेतला, एकदा अंगठा फिरवला आणि निकाल दिला, "टच गेला, डेटा आहे. फोल्डर बदलायचा तर फोनच्या किमतीत जाईल. नवीन आणलाय ना? मग काढून देतो." फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचं एकत्र कुटुंब. एकाला काही झालं की सगळ्यांना बाहेर काढतात.

त्याने खणातून ओटीजीची बोटभर पिन काढली, फोनला लावली आणि पिनेला संगणकाचा साधा माउस जोडला. पडद्यावर इवलासा बाण उमटला.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "हा तर बँकेतला बाण!"

"आजी, पॅटर्न सांगा."

नऊ ठिपके, त्यांतले निदान चार जोडायचे. अशा जोडण्या होतात एकूण ३,८९,११२. त्यांतली एकच आत्याची, पण तीही तिला तोंडाने सांगता येईना. रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला कुठल्या ठिपक्यानंतर कुठला असं विचारलं तर होईल, तशी तिची पंचाईत झाली. "हात जातो तसा जातो रे," ती म्हणाली. काउंटरवर बोट टेकवून पाहिलं, जमेना. मग स्टुलावरून उठली. "थांब हं. मी ओट्याशी उभी राहून उघडते ना, बसून नाही येणार." उभी राहिली आणि बोट सरसर फिरलं. पोराने ते टिपलं, पण माउसने तीच रेघ ओढताना बाण वाकडा गेला. पाच वेळा चुकलं की फोन तीस सेकंद रुसतो. तो रुसवाही आम्ही काढला.

फोन उघडला आणि नवीच अडचण उभी राहिली. भोक एकच! माउस लावला तर चार्जर लागत नाही, चार्जर लावला तर माउस नाही, आणि बॅटरी तळाला. पोराने पुन्हा खणात हात घातला आणि दोन्ही जोडता येतील अशी एक डबी काढली. त्या खणात जगातल्या सगळ्या अडचणींसाठी काही ना काही असावं. मग दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले, वायफायवर जुन्याने नव्याला द्यायला सुरुवात केली आणि आम्ही चहा मागवला.

सगळ्यात जास्त वेळ घेतला फोटोंनी. ते होतेच तसे. गोळ्यांच्या पाकिटांचे, विजेच्या मीटरचे, स्वतःच्या अंगठ्याचे आणि नातवाचे, बहुधा याच प्रमाणात. शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की त्याची एक प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये मुक्कामाला राहते. आत्याने लोणच्याच्या बरणीचा फोटो बडोद्याच्या वन्संना पाठवला, वन्संनी तो त्यांच्या बहिणीला, आणि बहिणीने 'किती सुंदर' म्हणून आत्यालाच. अशी ती बरणी फोनमध्ये तीनदा होती. तिन्ही प्रती नव्या घरी सुखरूप पोचल्या. यंत्राला निवडता येत नाही आणि आत्याला निवडायचं नव्हतं.

नावं आणि नंबर मात्र डोळ्याचं पातं लवण्याआधी जाऊन बसले. ही यादी ज्या साच्यात बांधतात तो व्हीकार्ड १९९५ च्या सुमाराचा. आत नुसता साधा मजकूर. हजार माणसांची फाईल आजच्या कॅमेऱ्याच्या एका फोटोच्या दहाव्या हिश्श्याइतकीही सहसा भरत नाही. म्हणजे आत्याचा सगळा गोतावळा त्या बरणीच्या झाकणाएवढ्या जागेत मावला. आणि वाचण्यासारखं त्या फोनमध्ये काही असेल तर तेवढंच. मी तर म्हणेन, बहुतेक माणसं आयुष्यभरात एवढंच काय ते स्वतःच्या अकलेने लिहितात.

'दूध'. 'दूध जुना'. 'डॉक्टर दात'. 'डॉक्टर दात महाग'. 'रिक्षा सज्जन'. 'उचलू नये', 'उचलू नये २', असं करत बरंच पुढे. 'वायरमन बरा'. 'वायरमन नको'. एक 'देशपांडे ऑरा'. मला वाटलं, हे कोणत्या तरी नव्या टॉवरमधले देशपांडे. पण ते औरंगाबादचे. पूर्वी नंबर सिमकार्डावर ठेवायचे. तिथे साधारण अडीचशे नावं मावत आणि एका नावाला इंग्रजीची चौदा-पंधरा अक्षरं. पुढची कापली जात. देशपांड्यांचं गाव असंच अर्ध्यावर तुटलं आणि तसंच फोनमागून फोन पुढे आलं. दरम्यान गावाचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं, देशपांडे मात्र ऑरातच राहिले. ०२१६२ ने सुरू होणारा साताऱ्याचा एक लँडलाइनही आहे, आत्याच्या माहेरचा. तो कधीच बंद झाला. "पुसू का?" असं नातवाने एकदा विचारलं होतं. "तुला काय करतोय तो?"

पैशाची ॲपं तेवढी जुन्या फोनचं काहीच घेत नाहीत. यूपीआयला नव्या फोनमधल्या त्याच सिमवरून एक एसएमएस गेलेला लागतो, मगच बँक ओळख देते. रिचार्ज संपलेला असला तर तोही जात नाही. आत्याचा संपलेला होता. पोराने तो मारून दिला आणि बिलात लावला.

शेवटी त्याने फोन तिच्या हातात ठेवला. तिचा अंगठा सवयीने खाली उजव्या कोपऱ्यात गेला, जिथे जुन्या फोनवर कॅमेरा होता. नव्यावर तिथे दुसरंच काही होतं, आणि नकळत दुकानदाराला कॉल लागला. मग चिन्हं जुन्या जागी लावण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात नव्या फोनने आपण होऊन विचारलं: दोन नोंदींचा नंबर एकच आहे, विलीन करायच्या का? पोराने वाचून दाखवलं, 'वायरमन बरा' आणि 'वायरमन नको'.

"करू का एक, आजी?"

"छे छे," आत्या म्हणाली. "दोन्ही असू देत. काम काय आहे त्यावर असतं ते."

"मग फोन आला की दिसणार कुठलं?"

"ते त्याचं तो बघेल."

पोराने 'नको' दाबलं आणि बिल लिहायला घेतलं.