दारातले बाबूजी

कारमध्ये पाच माणसं बसतात आणि गाणं त्यातल्या एकालाच नीट ऐकू येतं. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. तिथे सांगतात, "सर, चार स्पीकर येतात." येतात, खरं आहे. त्यातले दोन पुढच्या दारांत, गुडघ्याच्याही खाली, बाटली ठेवायच्या कप्प्याला लागून. त्यामुळे सुधीर फडके गायला लागले की आवाज माझ्या उजव्या पोटरीशी यायचा. ज्या बाबूजींना आमच्या आधीच्या पिढीने हात जोडून ऐकलं, त्यांना माझ्या गाडीत पीयूसीच्या कागदाशेजारी आणि अर्धवट संपलेल्या चिक्कीच्या पाकिटाशेजारी बसावं लागत होतं.

यात थोडं विज्ञान आहे. ८० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची लाट सव्वाचार मीटरच्या वर लांब असते. आपल्या छोट्या गाड्या कर वाचावा म्हणून चार मीटरच्या आत आवरलेल्या, म्हणजे लाट गाडीपेक्षा मोठी. तिला पोटरीचं काही वाटत नाही, ती सगळीकडे पोचते. पण २००० हर्ट्झची लाट असते १७ सेंटिमीटरची, साडेसहा इंची स्पीकरच्या व्यासाएवढी. त्याच्या वर गेलं की आवाज पसरायचं सोडतो आणि नाकासमोर चालायला लागतो. नाकासमोर माझी पोटरी. गाण्यातले शब्द कळतात ते नेमके या वरच्या भागामुळे, आणि ते सगळे पँटमध्ये जिरत होते.

यावर उपाय म्हणजे कंपोनंट स्पीकर. वूफर खाली दारात, इंचभराचा ट्विटर वर कानाजवळ, आणि दोघांच्या मध्ये क्रॉसओव्हर नावाची डबी. ही डबी साधारण तीन-साडेतीन हजार हर्ट्झवर रेघ मारते: खालचं वूफरचं, वरचं ट्विटरचं. भावाभावांच्या वाटणीसारखंच हे, आणि भांडणही बांधावरच होतं. बांधाच्या आसपास दोघंही थोडंथोडं वाजतात. एकाची तार उलटी जोडली गेली तर दोघं एकमेकांचं पीक खातात आणि गायकाच्या आवाजात मधोमध खड्डा पडतो.

नाना पेठेतल्या एका दुकानात गाडी लावली. तिथल्या मुलाने स्क्रू काढून दाराचं पॅड खेचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दाराच्या आत पाऊस पडतो. काचेवरून ओघळणारं पाणी रबराच्या पट्टीशी थांबत नाही, आत उतरतं, आणि तळाला असलेल्या भोकांतून बाहेर जातं. आत वाळलेला चिखल होता आणि गुलमोहराची पानं होती. मुलाने पत्र्यावर टिचकी मारली, "टण्ण" झालं. "साहेब, स्पीकर नंतर, आधी हे बंद करायचं." मग त्याने काळी चिकट डॅम्पिंग शीट लावून रोलरने दाबली, तळाची भोकं तेवढी मोकळी ठेवली, आणि पुन्हा टिचकी मारली. "धप्." त्या धप्-साठी मी जे पैसे दिले ते आजवर संगीतावर केलेल्या खर्चातले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. खडखडणाऱ्या दारात जगातला कुठलाही महागडा स्पीकर बसवा, वाजतं ते दारच.

तारा तपासायला त्याने खिशातून पेन्सिल सेल काढला, दोन टोकं स्पीकरला टेकवली. वूफर "टप्" करून बाहेर आला. बाहेर आला तर अधिक-उणे बरोबर, आत गेला तर उलटं. दीड व्होल्टची ही परीक्षा मला फार आवडली.

ट्विटर कुठे लावायचा यावर मात्र आमची चर्चा रंगली. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात लावला तर आवाज समोरच्या काचेवर आपटून परत येतो आणि प्रत्येक "स" शिट्टी मारत येतो. मुलाचं म्हणणं, काचेशेजारच्या खांबावर लावू, ए-पिलरवर, सगळे तिथेच लावतात. त्या खांबावर एअरबॅग अशी बारीक अक्षरं कोरलेली होती. आतून पडदा एअरबॅग उघडली तर ट्विटर संगीताच्या वेगाने येत नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. शेवटी आरशाच्या आतल्या बाजूच्या त्रिकोणी प्लॅस्टिकवर जागा मिळाली. ट्विटर तीन डेसिबल खाली घेतला, बोटभर आत वळवला, आणि "स" माणसात आला.

आता मुख्य काम. उजवा स्पीकर मला जवळ, डावा त्याहून सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे डावीकडचं गाणं मला १.३ मिलिसेकंद उशिरा पोचतं. एवढ्याने काय होतंय, असं वाटेल. पण हेल्मुट हास या जर्मनाने १९४९ साली याच विषयावर प्रबंध लिहिला. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोचला तिथूनच सगळं आलं असं मेंदू ठरवून मोकळा होतो. उपाय असा की जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर करायला लावायचा. नव्या डेकमध्ये ही सोय असते. मी मोजपट्टी घेऊन पार्किंगमध्ये कानापासून दारापर्यंतची अंतरं घेतली. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. काही विचारलं नाही, पण गेल्यावर कोणाला तरी फोन केला.

कसोटीला जुनं मोनो गाणं घ्यावं. त्यात दोन्ही बाजूंना तेच असतं, म्हणून गायक बरोबर मध्यावर उभा राहायला हवा. मी आकडे भरत गेलो आणि बाबूजी दारातून निघाले, स्टिअरिंग ओलांडलं, आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी येऊन थांबले. डोळे मिटले तर थेट मूर्तीच्या जागी गात होते.

मी बायकोला खाली बोलावलं. ती डावीकडे बसली, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाली, "अरे, हे तर माझ्या खिडकीत बसलेत."

गणित तिच्या बाजूने होतं. तिला डावा स्पीकर जवळ. उजवा मुळातच १.३ मिलिसेकंद मागे, त्यात माझे १.३. दुप्पट अन्याय. ॲलन ब्लूमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो म्हणे सिनेमा बघताना होणाऱ्या बायकोला म्हणाला, नट पडद्याच्या त्या टोकाला आणि आवाज या टोकाला, हे मी दुरुस्त करणार. ती त्याच्या शेजारच्याच खुर्चीत होती, तिला कसं ऐकू येईल याची चर्चा झाल्याचं कुठे वाचनात नाही.

डेकमध्ये "सर्व आसनं" असाही पर्याय असतो. तो लावला की कोणालाच मध्य सापडत नाही, पण भांडण होत नाही. मागच्या सीटवर येऊन बसलेली आई म्हणाली, "आम्हाला काहीच ऐकू येत नाही, आमचं तिकीट काढलं नाही का रे?" मागचे स्पीकर मी पुढचं चित्र बिघडू नये म्हणून जवळपास बंद केले होते. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा आख्खा वाडा एका रेडिओपुढे बसायचा, स्पीकर एकच, आणि बाबूजी कुठल्या बाजूने गातात असं कोणी विचारलं नाही, हेही आईनेच ऐकवलं.

तोडगा बायकोने काढला. "सेटिंग ड्रायव्हरचं आहे ना? मग मी चालवते." सीट चार बोटं पुढे घेऊन तिने गाडी काढली. सीट हलली की सगळी अंतरं बदलतात, म्हणून मी परत मोजपट्टी लावली, या वेळी तिच्या कानापासून. तेव्हा ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांनी स्पीकर घेण्याच्याही आधी, गाडी खरोखर कोण चालवणार ते घरात ठरवून घ्यावं.