जावई मोजण्याची शास्त्रोक्त रीत

साहित्य: एक उपवर मुलगा, शक्यतो रेल्वेतला, एक छापील प्रश्नावली, दोन पेन्सिली, पोहे, आणि मुलाच्या क्वार्टरला भिंत लागून असलेल्या क्वार्टरमध्ये निदान चार-पाच वर्षं काढलेली एक काकू. पहिल्या चार गोष्टी आपल्या छत्तीसगडातल्या चरोद्यात सहज मिळतात. काकूचं काम शेवटी आहे, पण तिला आत्ताच हेरून ठेवावं, रेल्वेत बदल्या होतात.

सदर मार्गदर्शन चरोदा, भिलाई-३ आणि आसपासच्या मराठी वधूपित्यांसाठी आहे. रेल्वे यार्डातल्या किंवा पोलाद कारखान्यातल्या नोकरीपायी आपले वाडवडील नागपूर-गोंदियाकडून इकडे आले. बोली अर्धी हिंदी झाली, पण स्थळ बघण्याची रीत तीच राहिली: पत्रिका जुळवायची, छत्तीसात अठरा गुण आले की हुश्श. आता हे बघा. याच मुलाला मालगाडीच्या इंजिनात सहायक लोको पायलट म्हणून बसायचं होतं, तेव्हा रेल्वेने त्याला संगणकापुढे बसवून पाच चाचण्या घेतल्या. स्मरणशक्ती, सूचनांचं पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता, नजरेचा वेग. सरासरी ५० धरून काढलेल्या टी-गुणांपैकी प्रत्येक चाचणीत किमान ४२ हवेत. एकीत ४१ पडले तर बाकीच्या चार पाण्यात. आणि यात कोणालाही सवलत नाही. कोळशाच्या डब्यांसाठी एवढी चाळणी, आणि मुलगी सांभाळायला पन्नास टक्क्यांत पास! (आमची मुलगी स्वतःला सांभाळते, दुर्गला नोकरी करते, पण बैठकीत असंच बोलायची पद्धत आहे.)

प्रथम काय मोजायचं ते ठरवावं. ‘मुलगा स्वभावाने चांगला आहे’ हे माप नव्हे. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश उपसून माणसांतला फरक सांगणारे जवळजवळ १८,००० शब्द वेचले. पुढे कॅटेल यांनी गाळत गाळत सोळा घटकांवर आणून १९४९ मध्ये चाचणी काढली. त्यानंतरच्यांनी आणखी आटवून पाचच ठेवले, आणि आज जगभर बहुतेक संशोधन या पाचांवर चालतं. नव्याची ओढ: भाजीत नेहमीपेक्षा वेगळा मसाला पडला तर खातो की आईला फोन करतो. काटेकोरपणा: वीजबिल तारखेआधी भरतो की लाइन कापल्यावर. बहिर्मुखता. मिळतंजुळतं घेणं. आणि पाचवं, मन चटकन ढवळून निघणं. हे जास्त असलेला माणूस गाडी दहा मिनिटं लेट झाली की घरच्या सगळ्यांना आळीपाळीने फोन लावतो.

लक्षणं वेचायचं काम आपल्याकडे समर्थांनी फार आधी केलं. दासबोधाचा दुसरा दशक उघडा: मूर्खाची लक्षणं, रजोगुणाची, तमोगुणाची, सत्त्वगुणाची, आणि शेवटी पढतमूर्खाची. फरक इतकाच, की समर्थांनी मूर्खाच्या हाती फॉर्म देऊन ‘आपण मूर्ख आहात का, योग्य तिथे खूण करा’ असं म्हटलं नाही. मानसशास्त्र नेमकं हेच करतं.

तरी शास्त्र म्हणून प्रश्नावली भरून घ्यावीच. मुलगा सोफ्यावर टेकला की चहाच्या आधी कागद द्यावा. प्रत्येक विधानापुढे पाच चौकटी, ‘अगदी सहमत’पासून ‘अगदी असहमत’पर्यंत, ही सोय लिकर्ट यांनी १९३२ साली करून ठेवली आहे. ‘मी वस्तू जागच्या जागी ठेवतो’ असं एक विधान घालावं आणि पंधरा विधानांनंतर ‘माझा एक मोजा नेहमी हरवलेला असतो’ असं उलटं घालावं. दोन्हींना अगदी सहमत म्हणणारा मुलगा वाचत नाही, नुसती मान डोलवतो. (काही सासवांच्या मते ही पात्रताच आहे.) मधे कुठेतरी ‘मला कधीच राग येत नाही’ हेही पेरावं. १९४३ पासून चालत आलेल्या मिनेसोटाच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत असं खोटं पकडायला पंधरा विधानं आहेत. आपल्याला एक पुरे. इथे ‘अगदी सहमत’ दिसलं तर शांतपणे पोहे पुढे करावेत आणि बाकीचे गुण मोजू नयेत.

निकाल मात्र मुलाला वाचून दाखवू नये. १९४८ मध्ये फोरर नावाच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचा स्वभाव’ म्हणून कागद दिला. कागद सगळ्यांचा एकच, मजकूर बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. मुलांनी त्याच्या अचूकतेला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आपल्या गुरुजींना हे सांगू नये, पुढच्या वर्षी मुंजीला तेच लागणार आहेत.

आता रेल्वेकडून काय शिकायचं ते नीट ध्यानात घ्या. ती उमेदवाराला ‘तुम्ही एकाग्र आहात का’ असं विचारत नाही. ती त्याच्याकडून एकाग्रतेचं काम करून घेते आणि घड्याळ लावते. तेव्हा बघण्याचा कार्यक्रम मुलाला रेल्वेच्या लॉबीतून ड्युटीचा कॉल येण्याच्या सुमारास ठेवावा. कॉल ड्युटीच्या साधारण दोन तास आधी येतो. बशीत अर्धे पोहे, जलेबीचा एक वेढा तोडलेला, आणि फोन वाजतो. इथून नीट टिपावं. उचलून ‘हो सर’ म्हणताना आवाज किती बदलला? गाडी कुठली हे विचारून घेतलं की तसंच ठेवलं? उरलेले पोहे तीन घासांत संपवले, तसेच टाकले, की डब्यात भरून मागितले? (मागितले तर मुलगा हातचा सोडू नये.) बुटाची नाडी बांधताना पाठ कोणाकडे होती? जाताना आजींना नमस्कार केला का, आणि केला तर आईने डोळे वटारण्याआधी की नंतर? एवढ्या चार मिनिटांत जे हाती लागतं ते साठ विधानांच्या कागदावर उमटत नाही.

पण एका फोनवरून निकाल लावू नये. हार्टशोर्न आणि मे यांनी १९२८ साली हजारो शाळकरी मुलांना लबाडीची संधी देऊन पाहिलं, तर वर्गात कॉपी करणारं मूल खेळात लबाडी करेलच असं निघालं नाही. १९६८ मध्ये मिशेल यांनी तर स्वभावाच्या गुणांवरून एखाद्या वेळचं वागणं सांगता येतं या समजुतीलाच सुरुंग लावला. पुढे तडजोड निघाली ती अशी: एका वेळचं सोडा, वीस वेळांची सरासरी घ्या, मग स्वभाव दिसतो. आपल्या देवबलोद्याच्या शिवमंदिराच्या कारागिराचं उदाहरण घ्या. सांगतात, की तो कामात इतका गुंग की अंगावर कपडा नसायचा. रोज बायको जेवण आणायची, एक दिवस बहीण आली, आणि लाजेने त्याने कुंडात उडी घेतली. कळस राहिला तो राहिलाच. एकाग्रतेत त्याला कितीही टी-गुण पडले असते, पण पाहुणे कधीही येऊ शकतात हे त्याच्या चाचणीत कोणी घातलं नव्हतं.

वीस वेळा मुलगा बघायला जाता येत नाही. गेलात तर मुलाकडचे तुमचाच स्वभाव मोजतील. म्हणून काकू. तिने त्याचं वागणं वीस वेळा, बहुधा दोन हजार वेळा, भिंतीपलीकडून ऐकलेलं असतं. सिमिन वझीरे यांनी २०१० मध्ये दाखवलं, की मनातली धाकधूक ज्याची त्यालाच जास्त कळते, पण हुशारी वगैरे जिथे माणसाची स्वतःबद्दलची मतं फुगलेली असतात, तिथे ओळखीची माणसं अधिक बरोबर सांगतात. तेव्हा काकूला धाकधुकीचं विचारू नये, त्यासाठी मुलाचा फॉर्म आहे. तिला असं विचारावं: रात्रीच्या ड्युटीवरून आला की दार कसं लावतो? नळाला पाणी येतं तेव्हा बादली आधी कोणाची लागते? पगाराच्या आठवड्यात आवाज चढतो की उतरतो? काकूची उत्तरं लिहून घेऊ नयेत, वही दिसली की ती गोड बोलू लागते.

काकू शक्यतो दोन गाठाव्यात. दोघींचं सांगणं जुळलं नाही तर माप विश्वसनीय नाही. फारच जुळलं तर त्या दोघी रोज संध्याकाळी एका ओट्यावर बसतात असं समजावं आणि तिसरी शोधावी.

शेवटची सूचना घाईची आहे. तुमच्या क्वार्टरलाही भिंत आहे आणि तिच्यापलीकडेही एक काकू आहे. मुलाचे मामा मंगळवारी तिच्याकडे चहाला येऊन गेले असं कळतं. तेव्हा रविवारपर्यंत नळावरची भांडणं मिटवावीत, तिची उसनी नेलेली शिडी परत करावी, आणि शिडी परत करताना ‘सहजच आलो’ असं म्हणू नये.