नळीचा बाप

इंजिनिअरिंग कॉलेजच्या रॉकेट टीममध्ये मोटरवाल्यांचा रुबाब असतो, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे कपडे स्वच्छ असतात आणि एक जण सतत खाजवत असतो. तो एअरफ्रेमवाला, म्हणजे रॉकेटची नळी घडवणारा. ग्लास फायबर घासताना उडालेली कुसळं त्याच्या मनगटात कायमची वस्तीला असतात.

घरचा वजनकाटा त्याने कधीच पळवलेला असतो. "आई, भाजीला अंदाज चालतो गं, इपॉक्सीला नाही." रेझिन आणि हार्डनर तो ग्रॅमवर मोजतो. जुलैतल्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो, म्हणून तेव्हा 'आज लेअप नाही' एवढंच सांगून निघून जातो. एखादा नवा पोरगा उत्साहाने भसकन अर्धा किलो मिश्रण एकाच डब्यात कालवतो. ते आपल्याच उष्णतेने तापून धुमसायला लागतं, डबा वाकडा होतो. हा ओरडत नाही. "पसरट ट्रेमध्ये ओतायचं असतं, बाळा." ते 'बाळा' पोराला वर्षभर चिकटतं.

कार्बनचं कापड ॲल्युमिनियमच्या पाइपवर गुंडाळून, वर व्हॅक्यूम बॅग चढवून रात्रभर ठेवलेली नळी सकाळी पाइप सोडत नाही. चौघे इकडून, चौघे तिकडून, मध्ये 'हर हर महादेव'. सर स्वतः बाह्या सरसावतात. "सर, राहू द्या. लादी येतेय." रसवंतीवाल्याकडून बर्फ येतो, फोडून पाइपच्या पोटात भरला जातो. थंडीने ॲल्युमिनियम आकसतं, कार्बन जवळपास हलत नाही. केसाएवढी फट पडते आणि नळी सुळकन बाहेर. टाळ्या मात्र सरांना.

मग नाणं काढून तो इंचाइंचावर वाजवतो. खणखणीत आवाज म्हणजे थर एकजीव. बद्द आला की आत पापुद्रा सुटलाय. ही सवय पुढे आवरत नाही. मावशीच्या वास्तुशांतीला जाऊन, प्रसाद हातात असतानाच, "हॉलमधल्या तीन टाइल्स पोकळ आहेत" असं जाहीर करून आला. मावशी अजून बोलत नाही.

न्यू मेक्सिकोत २०१७ ते २०२४ या काळात भरलेल्या स्पेसपोर्ट अमेरिका कपचे व्हिडिओ बाकीचे ज्वाळांसाठी बघतात. हा थांबवून थांबवून नळी कुठे फाटली ते बघतो. पॅराशूट अवेळी उघडलं की दोरी नळीचा काठ चेनसारखा उभा चिरत जाते, ही त्याची खरी धास्ती. स्वतःचं रॉकेट उतरलं की सगळे लॅपटॉपभोवती जमतात आणि हा माळावर उकिडवा बसून काठावरून बोट फिरवतो.

"किती उंच गेलं रे?"

"ते त्यांना विचारा. काठ शाबूत आहे."