दीडशे मर्सिडीजच्या गावात रिमोटची गाडी

आमच्या शहराबद्दल बाहेरगावच्या पाहुण्याला दोन गोष्टी हमखास ठाऊक असतात. पहिली, वेरूळ-अजिंठ्याला जायचं तर इथं उतरावं लागतं. दुसरी, ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी एका दमात १५० मर्सिडीज विकत घेतल्या. सौदा ६५ कोटींचा होता. डॉक्टर, बिल्डर, उद्योजक अशा मंडळींनी गट केला, सगळ्यांनी मिळून घासाघीस केली, बँकेकडून व्याजही कमी करून घेतलं. शहर तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. हौस तीच आहे.

आणि हौस का नसावी? वाळूजला १९८५ पासून बजाजच्या दुचाक्या-रिक्षा तयार होतात. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा जोडली जाते, तिथंच पुढं ऑडीही आली. बिडकीनला विजेवरच्या गाड्यांचे कारखाने यायचेत. इथं प्रत्येक घरात एक तरी माणूस गाडीचा कुठला ना कुठला भाग बनवत असतो आणि त्या एका भागाच्या जोरावर अख्ख्या गाडीबद्दल मत देत असतो. आमच्या घरात तो माणूस मी. वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. माझ्या हाताखालून जातात ती रबरी बुचं. पण दिवाळीच्या आधी वहिनींनी फर्मान काढलं, "भाऊजी, तुम्ही कंपनीत गाड्याच बनवता ना? मग पोरांची रिमोटची गाडी तुम्हीच आणा. आणि हजाराच्या वर जाऊ नका."

बुचाचा खुलासा करण्यात अर्थ नव्हता. पुतण्या नऊ वर्षांचा, पुतणी सहा. दोघांना घेऊन गुलमंडी गाठली.

आमच्याकडचा दुकानदार बोलायला मराठीत सुरुवात करतो, भाव सांगताना हिंदीवर येतो आणि गॅरंटीचा विषय निघाला की दख्खनीत शिरतो. यानं आधी लालभडक स्पोर्ट्स गाडी काढली. दारं उघडतात, डिकी उघडते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो. डब्यावर ठसठशीत अक्षरात 'ताशी २५ किमी'. पुतण्याचे डोळे तिथंच खिळले.

ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. आमचं अंगण सहा मीटरचं. ही गाडी वळवावी असं मनात येईपर्यंत ती फाटकाखालून शेजारच्या देशपांडे काकूंच्या कुंड्यांत पोचलेली असणार. दारं उघडतात म्हणजे पहिल्या दिवशी तुटतात, हा नियम सांगायला क्वालिटीचा माणूस लागत नाही. मी विचारलं, "हळू चालणारी आहे का?" त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं. तीस वर्षांच्या धंद्यात असलं गिऱ्हाईक त्याला भेटलं नसावं.

"याचे स्क्रू साधे आहेत का? चाक निसटलं तर वेगळं मिळतं? स्टिअरिंग हळूहळू वळतं की झटक्यात?"

"गॅरंटी नै होती भाई इसमे," तो म्हणाला. मी गॅरंटीचं नावही काढलं नव्हतं. "चालू करके देता मै. आगे आपके बच्चां जाने और गाडी जाने."

हे मात्र प्रामाणिक उत्तर होतं. स्वस्त रिमोटच्या गाडीची हीच तर गोम आहे. ती खेळणं म्हणून बनवलेली असते, दुरुस्तीसाठी नाही. हौशी लोकांच्या गाड्या वेगळ्या. त्यांचा दात तुटलेला गियर, वाकलेला दांडा, सगळं सुटं मिळतं. पण त्यांचे भाव कित्येक हजारांत सुरू होतात आणि वहिनींचे हजारात संपतात.

डब्यावर १:२४, १:१६ असे आकडे असतात, तिकडं मात्र बघावं. चार मीटरची खरी गाडी चोवीस पटीनं लहान केली की वीतभरापेक्षाही छोटी, साधारण १७ सेंटिमीटरची होते; सोळा पटीनं केली तर पाऊण फूट ओलांडून २५ सेंटिमीटरची. शोकेसमध्ये दोन्ही गोंडस दिसतात. फरक कळतो अंगणात. आमच्याकडं निम्म्या अंगणात शहाबादी फरशी, उरलेल्यात पेव्हर ब्लॉक, आणि फाटकाबाहेर मुरूम. बुटक्या स्पोर्ट्स गाडीचं पोट पहिल्याच सांध्यावर टेकतं आणि चाकं हवेत फिरत राहतात. मोठ्या रबरी चाकांची, उंच पोटाची, दिसायला ओबडधोबड गाडी मुरमावरूनही डुलत डुलत जाते. तिला वेग नसतो, पण पोचण्याची खात्री असते. राज्य परिवहनच्या लाल बसवर वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र लागतं.

गाडी घरी आली, मग रिमोट. १९९५ साली युतीचं सरकार आलं तेव्हा त्याचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचं बाळासाहेब ठाकरे उघड सांगत. तेव्हापासून मराठी माणसाला पक्कं ठाऊक आहे की गाडीत कोण बसलंय हा प्रश्न दुय्यम. घरात दोन मुलं आणि एक गाडी आली की युतीचंच सरकार येतं. आधी दहा-दहा मिनिटांची पाळी ठरते. मग दहा मिनिटं म्हणजे किती, यावर मतभेद होतात. मग "मला बघू दे, काय बिघडलंय" म्हणत बाप मध्ये पडतो आणि अर्धा तास गाडी फक्त तपासली जाते. आमचा दादा एरवी पोरांच्या अभ्यासाकडं फिरकत नाही, पण गाडी तपासायला तो जेवण सोडून उठला.

म्हणून माझं ठाम मत: दोन मुलं असतील तर हजाराची एक घेऊ नका, पाचशेच्या दोन घ्या.

पण इथं एक मेख आहे, आणि ती आमच्या कॉलनीनं जाहीरपणे अनुभवली. स्वस्त जुन्या पद्धतीच्या गाड्या बहुधा २७ मेगाहर्ट्झवर चालतात. त्या गाडीला आपला रिमोट कुठला हे कळत नाही. त्या लहरीवर जो हुकूम सोडेल त्याचं ती ऐकते. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेतून दोन घरांनी तशाच दोन गाड्या आणल्या. एका पोरानं पुढचं बटण दाबलं की दोन्ही गाड्या पुढं. दुसऱ्यानं मागं घेतली की दोन्ही थरथरत जागच्या जागी. पोरांना आधी चमत्कार वाटला, मग अन्याय. संध्याकाळी दोन्ही घरच्या आया फाटकाशी उभ्या राहून तांत्रिक चर्चा करत होत्या.

हल्ली डब्यावर २.४ गिगाहर्ट्झ असं लिहिलेल्या गाड्या मिळतात. त्यात गाडी आणि रिमोट यांची जोडी चालू करतानाच जुळते आणि मग ती शेजाऱ्याच्या हुकमाला भीक घालत नाही. फक्त सगळ्यांनी एकाच वेळी बटणं चालू करू नयेत. एक जोडी जुळली, दिवा लुकलुकायचा थांबला, की मग दुसरी.

बिनतारी हुकमानं यंत्र चालवायची करामत पहिल्यांदा लोकांना दाखवली ती निकोला टेस्लानं, १८९८ साली, न्यूयॉर्कमध्ये. पाण्याच्या हौदात छोटी बोट. बघणाऱ्यांपैकी कुणाला ती जादू वाटली, तर कुणाला आत शिकवलेलं माकड बसवलंय असं वाटलं म्हणे. आमच्याकडं माकडं गाडीच्या बाहेर असतात, एवढाच फरक.

गाडी चालवण्यात खरी कसोटी लागते ती गाडी आपल्याकडं तोंड करून येते तेव्हा. तेव्हा तिचं डावं ते आपलं उजवं. मुलांना हे काही वेळात साधतं. पुतणीला तर न सांगताच साधलं; ती सरळ गाडीच्या जागी स्वतः बसल्याचा विचार करते, असं तिनंच सांगितलं. दादाला अजून साधलेलं नाही. आईनं वेगळाच मार्ग काढला. रिमोट हातात घेऊन ती गाडीच्या मागून चालते, म्हणजे डावं-उजवं बदलायचा प्रश्नच नाही. आईचं माहेर कन्नडकडचं, लहानपण बैलगाडीत गेलेलं. ती बटण दाबते तर खरी, पण भरवसा तोंडावर ठेवते. "हां, हां, सावकाश! वळ, वळ म्हणते ना!" गाडी वळली नाही तर बटणाकडं न बघता गाडीकडंच रागानं बघते. नवशिक्याला मागून चालण्याची ही युक्ती मी कुणालाही सुचवीन.

स्वस्त गाडीचं स्टिअरिंग एक तर पूर्ण डावीकडं जातं, नाही तर पूर्ण उजवीकडं. मधलं काही नाही. जास्त पैसे मोजले तर काठी जितकी ढकलाल तितकीच वळणारी मिळते. परवडत असेल तर वाढीव पैसे दिव्यांवर आणि हॉर्नवर न घालवता इथं घालवावेत.

सेलचा खर्च डब्यावर लिहिलेला नसतो. गाडीला सेल, रिमोटला सेल. दिवाळीच्या चौथ्या दिवशी आमच्याकडं टीव्हीचा रिमोट मुका झाला, मग भिंतीवरचं घड्याळ थांबलं, मग दादाची दाढीची मशीन. घरात चोर शिरल्याचा सुगावा घड्याळावरूनच लागला. चार्जिंगची गाडी त्या मानानं बरी, पण तिची बॅटरी खेळून गरम असताना लगेच लावू नये, आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी सरळ बाद. आणि ज्या घरात रांगतं मूल आहे तिथं बटण-सेलवाला चिमुकला रिमोट अजिबात आणू नका. तो सेल पोटात गेला तर घरगुती उपाय करत बसायची वेळ नसते, दवाखाना गाठायचा असतो. हा एक मुद्दा मी हसत सांगत नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, हे महाराष्ट्राला माहीत आहे. ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाक्या भरतात, ड्रम भरतात, आणि उरलेल्या उत्साहात गल्ली धुतली जाते. अशा दिवशी गाडी बाहेर काढली की ती पहिल्या डबक्यात शिरते. आतली इवलीशी सर्किटची पट्टी उघडीच असते. तेव्हा दिवाळीच्या आठवड्यात आमच्या कॉलनीत गाड्यांचं वेळापत्रक नळावर ठरलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी किरकिरायला लागली. दादानं निकाल दिला, "मोटर गेली." मी छोटा स्टार स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पोरांना जवळ बसवलं. खालचे चार स्क्रू काढले. आत काय, तर एक चण्याएवढा पितळी दातेरी गियर, त्याला लागून पांढरा प्लास्टिकचा मोठा गियर, लाल आणि काळी अशा दोन तारा, आणि मागच्या दांड्यावर गच्च गुंडाळलेले वहिनींचे लांब केस. त्यात रांगोळीची गुलाबी पूडही होती, कारण गाडी वसुबारसेला दारातल्या गाईच्या पाठीवरून गेली होती. चिमट्यानं केस काढले, रांगोळी फुंकली, तेलाचा एक थेंब. गाडी सुरू. पुतणीनं विचारलं, "काका, खऱ्या गाडीतपण केस अडकतात?" मी रबरी बुचाचा माणूस, म्हटलं, विचारून सांगतो.

दादाच्या मनात पुढं उडणारं खेळणंही होतं. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही, हे तो कुठून तरी वाचून आला होता, आणि ते २०२१ च्या नियमांत आहेही. पण आम्ही राहतो सिडकोत आणि चिकलठाण्याचा विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. विमानतळालगतचं लाल क्षेत्र (म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी) लहान-मोठ्या सगळ्या ड्रोनला लागू आहे. विषय तिथंच जमिनीवर आला.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीनंतर कॉलनीत पाच घरी पाच तऱ्हेच्या गाड्या होत्या आणि त्यातल्या तीन बंद. एकीचं चाक गेलेलं, एकीचा रिमोट हरवलेला, एकीची मोटर खरंच गेलेली. तिघींचे भाग एकमेकींना बसेनात. या तीन एकाच प्रकारच्या असत्या तर त्यांतून किमान एक धडधाकट गाडी उभी राहिली असती. सुटे भाग बाजारात मिळत नसतील तर ते शेजाऱ्याच्या बंद गाडीतून मिळवावे लागतात, आणि त्यासाठी शेजाऱ्यानं आपल्यासारखीच गाडी घ्यावी लागते. एरवी आपण शेजाऱ्यापेक्षा वेगळी आणि चार आण्यांनी भारी घेतो. इथं तो हिशोब उलटा चालतो. दीडशे मर्सिडीज गट करून घेता येतात, तर पाचशे रुपयांची गाडी पाच घरांनी मिळून घ्यायला हरकत नाही. घासाघीसही चांगली होते. आमचा गुलमंडीवाला पाचाच्या बोलीला लगेच दख्खनीतून मराठीत परत आला.

घेताना डब्यावर आयएसआयचं चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी आणणार असाल तर मोठी चाकं, कमी वेग, २.४ गिगाहर्ट्झ, साधे स्क्रू एवढंच पाहा. आणि दुकानात जायच्या आधी शेजारी कुठली गाडी आहे ते विचारा, तीच घ्या.