वाड्याला राबता हवा

व्हिचेन्झा, इटली

तीर्थरूप बाबा आणि ती. सौ. आईस,
चिखली मुक्कामी शिरसाष्टांग नमस्कार.

फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या इथल्या महालांच्या फोटोंवर घरातून दोनच शेरे आले: "काय संगमरवर आहे!" आणि "पुतळ्यांना कपडे का नाहीत?" दुसऱ्या शेऱ्याचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही, हवा चांगली आहे एवढंच म्हणतो. पहिल्याला मात्र सविस्तर उत्तर देतो, कारण तो संगमरवर बहुतेक ठिकाणी संगमरवर नाहीच. या भागात सोळाव्या शतकात आंद्रेआ पालादिओ नावाचा वास्तुकार होऊन गेला. पाथरवटकाम शिकून वर आलेला माणूस. त्याचे खांब पाहून जग दिपून जातं, पण त्यांतल्या कितीतरी खांबांच्या पोटात साध्या विटा आहेत आणि वरून चुन्याचा गिलावा. शिवाय हे महाल ऐषआरामासाठी बांधले होते, हाही आपला गैरसमज. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी समुद्रातला पैसा जमिनीत घातला, दलदली उपसून शेतं केली आणि त्या शेतांवर देखरेखीसाठी घरं बांधली. फांझोलो गावचा विल्ला एमो पाहा. मधोमध मालकाचं घर, दोन्ही अंगांना कमानींच्या लांबच लांब ओसऱ्या आणि त्यांच्या आत धान्य, अवजारं, जनावरं. दारासमोर एक रुंद फरसबंद उतार आहे. पर्यटक त्यावर उभे राहून सेल्फी घेतात. जाणकारांच्या मते ते मळणीचं खळं असावं. मालकाला ऊनपाऊस न लागता सगळीकडे फिरता यावं म्हणून ओसऱ्या घराला जोडायच्या, असं पालादिओनं 1570 च्या आपल्या ग्रंथात स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे धोतर कोरडं ठेवून गड्यांवर ओरडायची सोय. हे शास्त्र आपल्याकडच्या पाटलांना ग्रंथ न वाचता येत होतं.

माझं म्हणणं एवढंच, की वाडा दगडाच्या जोरावर टिकत नाही, राबत्यावर टिकतो. तुम्ही म्हणाल, त्या लोकांकडे पैसा आहे, त्यांना सुचतं हे. पण 70-75 वर्षांपूर्वीची अवस्था ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर याच महालांची छपरं गळत होती आणि चितारलेल्या दालनांत गवत आणि धान्य भरलेलं होतं. 1952 साली जुझेप्पे मात्सोत्ती नावाच्या गृहस्थानं त्रेविझो शहरात या वाड्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि लोकांना आपलीच घरं दाखवून लाज आणली. मग 1958 मध्ये कायदा झाला, वाड्यांसाठी एक संस्था निघाली आणि मालकांना दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मिळू लागलं. आज या भागाच्या यादीत 4,000 हून अधिक वाडे आहेत आणि पालादिओचे 24 वाडे जागतिक वारशात. सरकारनं सगळे वाडे ताब्यात घेऊन कुलपं लावली, असं मात्र झालं नाही. विल्ला रोतोंदा हा जगभर नकला झालेला महाल आजही एका कुटुंबाच्या मालकीचा आहे. मासेरच्या विल्ला बार्बारोत मालकाचं कुटुंब राहतं, शेजारी त्यांच्याच द्राक्षांची वाइन विकली जाते आणि पाओलो वेरोनेझेची भित्तिचित्रं पाहायला आत शिरताना बुटांवर फेल्टच्या भल्यामोठ्या सपाता चढवाव्या लागतात. त्यामुळे जर्मन असो की जपानी, प्रत्येक जण पाय घासत फरशी पुसतच पुढे सरकतो. तिकीट घेऊन वर लादी पुसून घ्यायची ही युक्ती आईला फार पटेल.

आता भाऊबंदकी. एका वाड्याला अकरा वारस आणि प्रत्येकाला माडी हवी, हे फक्त आपल्याकडे घडतं असं वाटत असेल, तर इथला वारसा कायदा पाहा. मुलांचा वाटा बापालाही मृत्युपत्रानं मारता येत नाही, म्हणून इकडेही चुलतभाऊ कोर्टात भेटतात. याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे: हे सौंदर्य कुळांच्या घामावर उभं राहिलं. अगदी खरं. इटलीत अर्धेलीची शेती होती, निम्मं पीक मालकाच्या घरात जायचं आणि असे नवे करार 1964 च्या कायद्यानं बंद झाले. पण कुळांची तीच दगडी घरं आज पाहुण्यांना भाड्यानं मिळतात आणि शहरी लोक तिथे झोपायला मोजून युरो देतात. 1985 मध्ये या कृषी पर्यटनाचा कायदा झाला तेव्हा एक अट घातली गेली, की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. पाहुणे ठेवून रान पडीक टाकता येत नाही.

2019 मध्ये आपल्याकडे किल्ले हॉटेलांसाठी भाड्यानं द्यायची गोष्ट निघाली आणि महाराष्ट्र पेटला. पेटला ते बरोबरच झालं. जिथे महाराजांची पावलं उमटली, तिथे बुफेची रांग लागू नये. पण त्या गदारोळात एक सोयीचा निष्कर्ष निघाला, की पवित्र जागेला हात लावायचा नाही म्हणजे तिथे काहीच करायचं नाही. सिंदखेड राजा घ्या, चिखलीहून देऊळगाव राजामार्गे जाता येणारं. लखुजीराजे जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. 12 जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, तिथे लाखोंची गर्दी. 13 तारखेपासून एखादी शाळेची सहल आली तर आली. 1629 मध्ये दौलताबादला लखुजीराजांची हत्या झाली. त्यांच्या भव्य समाधीसमोर क्षणभर उभं राहायलाही फार थोडे थांबतात. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव तर बहुतेकांच्या यादीतही नसतात.

सोळाव्या शतकात रोमजवळच्या तिवोलीत एका कार्डिनलनं नदीचं पाणी गावाखालच्या बोगद्यातून आणून कारंज्यांच्या शेकडो धारा उडवल्या, पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या बळावर. त्या विल्ला देस्तेचं पाणी बघायला जग लोटतं. जाधवांनी बांध घालून अडवलेलं पाणी बघायला आपण गाडीतून उतरतही नाही. लगेच तुम्ही म्हणाल, "जिल्ह्यात टँकरची मारामार आणि तुला कारंजी सुचतात!" कारंजी नकोतच. आपल्या उन्हात तलाव हीच बाग. बांधाकडे जाणारी वाट, तिच्या कडेनं चिंच, कडुनिंब, सीताफळ, इतिहास सांगायला गावातलीच शिकलेली पोरं, स्वच्छ संडास आणि दुपारी कुणाच्या ओसरीवर भरीत-भाकरी. राज्याचं कृषी पर्यटनाचं धोरण 2020 पासून आहेच. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात गेले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला त्यात एकही नाही. पण मात्सोत्तीनं यादीत नाव येण्याची वाट पाहिली नव्हती, त्यानं आधी फोटो काढले होते.

तेव्हा बाबा, इकडे यायच्या व्हिसाची घाई नको. ताईच्या पोरांना घेऊन 12 जानेवारी सोडून कुठल्याही दिवशी सिंदखेड राजाला जा. मोती तलावाच्या बांधापर्यंत त्यांना पायी न्या आणि दुपारी गावातच पैसे देऊन जेवा. आईला सांगा, घरून डबा न्यायचा नाही.

आपला,
धाकटा