अठ्ठ्याण्णवचा पाहुणा

विंडोज 98 बाजारात आलं 25 जून 1998 ला. धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. म्हणजे ही प्रणाली आमच्या जिल्ह्यापेक्षा सहा दिवसांनी थोरली. थोरल्यांना घरात आणायचं ते रीतीनं, म्हणून हे मार्गदर्शन.

कोणत्याही विधीला आधी संकल्प लागतो. उगाच गंमत म्हणून कुणी जुनी प्रणाली बसवू नये, वेळ जातो आणि बायको विचारते. माझा संकल्प पक्का होता. 1999 च्या मे महिन्यात, नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच उन्हाळी लग्नसराईत, बहिणीची लग्नपत्रिका मी स्वतः जुळवली. तेव्हा मी शहाद्याला एका डीटीपी सेंटरात बसायचो. पत्रिका छापून आली ती ‘ता. शहादा, जि. धुळे’ अशी. दाजी नव्या जिल्ह्याचे कडवे अभिमानी. मांडवात त्यांनी पंगत सोडून आधी पत्रिका दाखवली, आणि पुढच्या प्रत्येक दिवाळीला दाखवत आले. मी तेव्हापासून एकच सांगतोय: मी ‘नंदुरबार’च टाइप केलं होतं, घोळ छापखान्यात झाला. गेल्या दिवाळीत बहिणीला माळ्यावर ती फ्लॉपी सापडली. दाजींनी ती फराळाच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, “शालकबुवा, होऊन जाऊ द्या.”

आता फ्लॉपी आहे म्हणजे पत्रिका आहे, असं समजू नये. फाइल पेजमेकर 6.5 ची, आणि अक्षरं युनिकोडपूर्व काळातली. विंडोज 98 ला देवनागरी येत नव्हती. फाँटवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं बसवली, आणि बिचाऱ्या संगणकाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण इंग्रजीच छापतोय. आज तो फाँट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी मांजर कीबोर्डवर चालून गेल्यासारखं दिसतं. तेव्हा त्या काळचा फाँट, त्या काळचं पेजमेकर आणि त्या काळचा संगणक अशी तिन्ही मंडळी एकत्र बसवावी लागतात. काही फाँट-पॅकेजना प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं डोंगलही लागायचं. आमच्या फाँटाला ते लागत नव्हतं. ही बाब लक्षात ठेवा.

त्या काळचा संगणक मिळत नाही. आमच्या सेंटरातला मिरचीच्या धुळीनं गेला. नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळत असते तेव्हा माणसाला नुसता ठसका लागतो, पंखा लावलेल्या डब्याचं काय होत असेल ते उघडल्यावर कळलं. म्हणून लॅपटॉपच्या पोटातच एक खोटा संगणक उभा करायचा. व्हर्च्युअलबॉक्स हे ओरॅकलचं सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतं. या विद्येत लॅपटॉपच्या प्रणालीला यजमान म्हणतात आणि आत बसवलेलीला पाहुणा. ज्यांना हे अवघड वाटेल त्यांनी नवापूर स्टेशनावर जाऊन यावं. तिथे तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि एक बाकडं दोन्ही राज्यांत. गाडीला त्याचं काही नसतं.

पायरी पहिली, पाहुण्याचं पान वाढणं. इथे नवशिके हात सैल सोडतात. विंडोज 98 ची मूळ भूक 16 एमबी मेमरीची. माझ्या लॅपटॉपात 8 जीबी, म्हणजे त्याच्या पाचशे बारा पट. आग्रह करावासा वाटतो, पण 512 एमबीच्या वर वाढलंत तर पाहुणा ‘मेमरी अपुरी आहे’ अशी तक्रार करतो. हो, अपुरी. जास्त वाढल्यामुळे कमी पडते, हे लग्नाच्या पंगतीत पाहिलेलं असल्यानं मला नवल वाटलं नाही. 256 एमबी वाढा आणि आग्रह थांबवा. डिस्क 2 जीबीची पुष्कळ झाली.

पायरी दुसरी, जमीन नांगरणं. सुरुवातीच्या फ्लॉपीची प्रतिमा लावून यंत्र चालू करा, एफडिस्क चालवा, मोठी डिस्क हवी का या प्रश्नाला होकार द्या, यंत्र पुन्हा चालू करा, मग फॉरमॅट. ‘सर्व माहिती नष्ट होईल’ अशी धमकी येते. ती खोट्या डिस्कला असते, तरी एंटर मारण्याआधी आपण कोणत्या चौकटीत आहोत ते दोनदा बघावं. मी तीनदा बघितलं आणि तरीही धाकट्या मुलीचे फोटो पेनड्राइव्हवर काढून घेतले.

पायरी चौथी. (तिसरीत वीज गेली होती.) आता सीडी आणि तिच्या पाकिटावरची पंचवीस अक्षरांची किल्ली. दुकानात मिळत नाही म्हणून वस्तू बेवारशी झाली असं कायदा मानत नाही, तेव्हा आपली जुनी सीडी शोधा. किल्ली टंकताना ‘8’ आणि ‘बी’ मध्ये गफलत होते. घाबरू नका, आकडे सांभाळण्यात आमचा जिल्हा देशात पहिला आहे: आधारचा पहिला बारा आकडी क्रमांक 29 सप्टेंबर 2010 ला आमच्याच शहादा तालुक्यात, टेंभलीत दिला गेला. मला पाच वेळा टंकावं लागलं, तो भाग वेगळा.

काही नव्या प्रोसेसरांवर पाहुणा उंबऱ्यातच ‘प्रोटेक्शन एरर’ म्हणून मान टाकतो. इतका वेग त्यानं पाहिलेला नसतो. त्यावर पॅचर नाइनएक्स नावाचा उतारा आहे, तो फ्लॉपीवरून टाकावा. लाज वाटायचं कारण नाही. एप्रिल 1998 मध्ये खुद्द बिल गेट्स मंचावर उभे असताना स्कॅनर जोडल्याबरोबर या प्रणालीनं साऱ्या सभेसमोर निळा पडदा टाकला होता.

सगळं जमलं की पडदा उजळतो: 640 बाय 480, रंग सोळा. लग्नपत्रिकेला दोनच लागायचे. माउस त्या चौकटीत टिचकी मारताच आत ओढला जातो आणि बाहेर येत नाही. सासरी गेलेल्या जावयासारखा तो तिथेच रमतो. त्याला सोडवायला उजवी कंट्रोल दाबायची. हे मला पाऊण तासानं कळलं, तोवर मी लॅपटॉप दोनदा बंद केला होता.

शेवटची काळजी आयुष्याची. ही प्रणाली बंद न करता सलग चालवली तर 49.7 दिवसांनी गोठते. मिलिसेकंद मोजणारा तिचा आकडा तेवढ्यात भरतो. हा दोष आमच्याकडे कुणाच्या लक्षात आला नाही. भारनियमनानं आमच्या एकाही संगणकाला त्या वयापर्यंत पोचू दिलं नाही.

आता फ्लॉपी. यूएसबीचा ड्राइव्ह घ्या, फुंकर मारा, देवाचं नाव घ्या, प्रतिमा काढा आणि पाहुण्याला जोडा. ड्राइव्ह पेरणीयंत्रासारखा खडखडला, पण चालला. फाँट टाकला, पेजमेकर उघडलं, फाइलवर दोन टिचक्या मारल्या. वाळूचं घड्याळ फिरलं, मग वरून खाली गणपती आला, कलश आला, बहिणीचं नाव आलं, वडिलांचं आलं. वडिलांच्या नावापुढे तेव्हा ‘कै.’ नव्हतं. मी तिथे जरा थांबलो.

मग खालची ओळ आली. ‘ता. शहादा, जि. धुळे.’

माझ्याच हातची. मागच्या वर्षीची कुणाची तरी पत्रिका उघडून नावं तेवढी बदलली होती, हेही त्याच क्षणी आठवलं.

म्हणून आणखी एक पायरी, जी मुळात पहिली लिहायला हवी होती. फाइल उघडण्याआधी यंत्राचा स्नॅपशॉट घेऊन ठेवावा. यंत्र बंद करून त्या स्नॅपशॉटवर परत गेलं की मधलं काही घडलेलंच नसतं. फ्लॉपी जोडलेली नसते, फाइल उघडलेली नसते, कुणी काही वाचलेलं नसतं. मी पाहुण्याला बंद करत होतो, ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ या अर्थाची नारिंगी अक्षरं पडद्यावर आली होती, आणि फोन वाजला.

“काय व्हयनं? उघडनी का फाइल?”

“नाही ना दाजी,” मी म्हणालो, “डोंगल लागतं त्याला.”