हनुवटी खाली, साहेब

ज्यांच्यासमोर उभं राहताना भल्या भल्या वकिलांचे पाय लटपटतात, त्यांना "साब, ठुड्डी नीचे. और नीचे. बस, हिलना मत" असं सुनावण्याचा अधिकार जबलपुरात एकाच माणसाला होता. सिविल लाइंसमधल्या फोटोवाल्याला. त्याच्यावर अवमानाचा खटला होत नसे. न्यायमूर्ती, कर्नल, प्राचार्य, कालच सनद मिळालेला वकील, सगळे त्या गोल स्टुलावर बसले की सारखेच. मान जराशी वाकडी, हात मांडीवर, श्वास रोखलेला.

हायकोर्ट इथं आलं १९५६ च्या १ नोव्हेंबरला, नव्या मध्य प्रदेशाबरोबर. नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला इथले पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले, आणि आमच्यासारखी काही मराठी घरंही नागपूरहून बोचकी बांधून आली. जिथं कोर्ट तिथं नेमणुका, बढत्या, निरोपसमारंभ. आणि निरोपसमारंभ म्हटला की भिंतीवर लावायला फोटो आलाच. (पुण्याचे पाहुणे आम्हाला हसतात. ते फोटो काढतात, आम्ही हिंदीच्या शेजारानं फोटो खेचतो. खेचताना माणूस सरळ बसतो, एवढंच सांगतो.)

स्टुडिओच्या आतल्या खोलीत आरसा, सुतळीनं बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि खिळ्याला एक काळा कोट. तो सगळ्यांच्या मापाचा, म्हणजे कोणाच्याच नाही. सैल झाला तर पाठीवर कपड्यांचे चिमटे. समोरून बॅरिस्टर, मागून वाळत घातलेला. पण फोटोवाला त्या चिमट्यांना कधी हसला नाही. तो दिव्यांच्या मागे लागलेला असायचा. एक दिवा असा सरकवायचा की अंधारातल्या गालावर उजेडाचा तिकोन उमटावा. मग रात्री बसून, टोक काढलेल्या कडक पेन्सिलीनं नेगेटिव्हवर टचिंग. सुरकुती मऊ करायची, पुसायची नाही. पुसली तर साहेब ओळखू येणार नाहीत आणि ओळखू आले नाहीत तर पैसे येणार नाहीत.

तसबिरीची किंमत या गावाला ठाऊक आहे. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचं ५२ वं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सुभाषबाबू तापानं फणफणलेले. पण मिरवणूक ठरलेली, ५२ व्या अधिवेशनाला ५२ हत्ती ठरलेले. हत्तींना काय सांगणार? मिरवणूक निघाली आणि रथात अध्यक्षांच्या जागी अध्यक्षांची तसबीर बसली. माणूस स्ट्रेचरवर, तसबीर रथात. आता रथ गेला, चौकाचौकात फ्लेक्स आले. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे चाळीस चेहरे, त्यातले पस्तीस मोबाइलवर हात लांब करून काढलेले. म्हणून तर आमच्या भावी नगरसेवकांची नाकं त्यांच्या कर्तृत्वाच्या पुढे असतात.

हे मी द्वेषानं म्हणत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली गणित मांडलं: फुटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. फोटोवाला पाच पावलं मागे जाऊन लांबची लेन्स का लावत होता, ते आता कळलं. आम्हाला वाटायचं, साहेबांचा दरारा आहे म्हणून मागे सरकतो.

दादासाहेब फाळके सिनेमा काढण्याआधी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवत. पुढे बडोद्याला धंदा मांडला तर गिऱ्हाईक फिरकेना, कारण कॅमेरा अंगातली शक्ती शोषतो, आयुष्य घटवतो, असा लोकांचा समज. तेव्हा फोटोनं आयुष्य कमी होईल ही भीती होती. आता फोटोत झालेलं आयुष्य दिसेल ही आहे. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतं, "स्किन स्मूथ होईल ना?" आणि हुकूम देणारी बाजू बदलते. काउंटरमागचा पोरगा मान डोलावतो, माउस सरकवतो आणि पंचावन्न वर्षांचे रिटायर्ड अधीक्षक उकडलेल्या अंड्यासारखे गुळगुळीत होऊन बाहेर पडतात. एकाच ठिकाणी अजून जुना कायदा चालतो: पासपोर्टचा फोटो. ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरं, तोंड मिटलेलं, हसू नाही. माणूस जसा आहे तसा पाहण्याची इच्छा आता फक्त सरकारला उरली आहे.

मग फोटोवाल्यांनी हुकूम सोडायचे कोणाला? एकमेकांना. त्यांचा एक मेळावा मी पाहिला. तारीख १९ ऑगस्ट, जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच दिवशी फ्रान्सनं दागेरची फोटो काढण्याची रीत जगासाठी खुली केली. टेबलावर जुन्या पेटी-कॅमेऱ्याला हार, कुंकू, नारळ. भाषणांचा विषय एकच, रेट. अमका प्री-वेडिंगला भेडाघाटला जातो आणि अल्बम फुकट देतो. तमक्यानं भाड्याचा ड्रोन आणून लग्न उचललं. कालचं पोरगं, भावाचा कॅमेरा, आणि कार्डावर 'सिनेमॅटिक'. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. ती मंडळी जमून एकमेकांचे फोटो पाहत. आमची मंडळी एकमेकांचं रेटकार्ड पाहते. पोट आहे, मान्य. लग्नाचे मुहूर्त वर्षात मोजकेच आणि हप्ते बाराही महिने.

शेवटी ग्रुप फोटो. चाळीस फोटोवाले ओळीनं उभे, आणि काढणार कोण? एक जण ट्रायपॉड लावून आला तर दुसरा म्हणाला, इथून उजेड मागून येतोय. तिसऱ्यानं मागच्या ओळीला पुढे घेतलं. चौथ्यानं अध्यक्षांची मान सरळ केली. पाचव्यानं ती पुन्हा वाकडी केली. वर्षभर गिऱ्हाइकासमोर गिळलेल्या सूचना त्या पाच मिनिटांत बाहेर पडल्या. दरम्यान चहावाल्या पोरानं कपांचा ट्रे खाली ठेवून स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला. असोसिएशनच्या ग्रुपवर तोच फिरला. छान आला होता. सगळ्यांची तोंडं उघडी होती.

परवा संपादकांचा निरोप आला: सदरावरचा तुमचा फोटो बारा वर्षांचा झाला, नवा पाठवा. मुलीनं मोबाइलवर काढून दिला. त्यात माझ्या कपाळावरची लहानपणची खोक नव्हती. "ती मोबाइल आपोआप काढतो, बाबा." मी सिविल लाइंसमध्ये गेलो. जुने फोटोवाले अजून बसतात, संध्याकाळी दोन तास, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून. मराठीच आहेत. मला ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही.

"बसा."

मी बसलो. चेहऱ्यावर लेखक आणला.

"तो चेहरा नको. नेहमीचा आहे ना, तो."

मी नेहमीचा शोधायला लागलो.

"हनुवटी खाली. अजून. तुम्ही लिहिता वाटतं? अजून खाली."

एकदाच आवाज झाला. मी स्क्रीनकडे वाकलो, तर त्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"बघायचं काय त्यात? आलाय. उद्या सहानंतर या. आणि सुट्टे आणा."